टँकर येतो, मग पाणी कुठे मुरतं?

प्रश्न : आमचं गाव माण तालुक्यात (जि. सातारा). टँकर मंजूर आहे, तरी वस्त्यांवर दोन-दोन दिवस घागर भरत नाही. चूक कुणाची?

उत्तर : चालकावर राग काढण्याआधी टँकरच्या प्रस्तावाचा कागद मागवा. ग्रामीण टँकरचा निकष माणशी दिवसाला २० लिटर. १,८०० लोकसंख्या धरली तर ३६,००० लिटर, म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. आता लोकसंख्या कुठली धरली ते पाहा. २०११ च्या जनगणनेचा आकडा असेल आणि आज माणसं २,४०० असतील, तर रोजची एक खेप कागदावरच गेली. ग्रामसभेचा नवा ठराव करा, त्यात प्रत्येक वस्तीचं नाव व माणसं वेगळी लिहा आणि पंचायत समितीत पोच घ्या. ‘गाव व वाड्या’ एवढंच मोघम लिहिलं की टँकर गावठाणातच रिकामा होतो.

खेपा मंजूर असून कमी पडत असतील, तर टँकर जिथे भरतात त्या भरणा केंद्रावरची वीज तपासा. भारनियमनात पंप बंद, टँकर रांगेत, हे नेहमीचंच. न आलेल्या खेपेसाठी नोंदवहीत सही मात्र कुणी करू नये. नोंदवहीतली खेप टँकरवरच्या जीपीएसच्या नोंदीशी ताडून बघता येते.

आणि कोरड्या विहिरीत टँकर ओतू नका. भेगाळलेला तळ पहिलं पाणी पिऊन टाकतो, उरलेलं गढूळ होतं. वस्तीवर टाकी मागा. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), मग अर्धा तास थांबून वाटप.