मुलीला रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कर्करोग, असल्याचं कळलंय. कुडाळहून परळच्या टाटात पहिल्यांदा नेताना काय तयारी करू? घरी धाकटा मुलगाही आहे.

ताई, आधी धाकट्याचेही डोळे तपासून घ्या, थांबू नका. हा आजार आरबी1 जनुकातल्या बदलामुळे होतो आणि काही घरांत भावंडांनाही होतो. जनुकीय चाचणीबद्दल तिथे स्वतःहून विचारा.

फ्लॅशमध्ये डोळ्याची बाहुली पांढरी दिसलेले जुने फोटो मोबाईलमध्ये वेगळे काढून ठेवा. एमआरआयची सीडीसुद्धा न्या, नुसता रिपोर्ट नको. एवढ्या लहान मुलांचे डोळे बहुतेकदा भूल देऊन तपासतात, तेव्हा किती तास उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशीच विचारा. संशोधनासाठी संमती मागितली तर कागद शांतपणे वाचा. नाही म्हणालात म्हणून उपचार थांबत नाहीत.

तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरा, परळ जवळच. हॉस्पिटलकडून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्यायला मात्र विसरू नका.