नागपुरातल्या कोरियन फ्यूजन रेस्टॉरंट-बारमध्ये पहिल्यांदाच घरच्यांना घेऊन जायचे आहे. काय मागवावे?

तुम्ही लिहिले आहे की लक्ष्मीनगरात घराच्या मागच्याच गल्लीत असे एक रेस्टॉरंट सुरू झाले आहे आणि येत्या शनिवारी वडील, पत्नी आणि २३ वर्षांचा मेहुणा यांना घेऊन तुम्हाला तेथे जायचे आहे. वडील सावजीचे शौकीन, पत्नी शाकाहारी आणि मेहुण्याला कोरियन मालिका पाहून सोजू या कोरियन दारूची ओढ लागलेली. तेव्हा काय मागवावे, तिखट झेपेल का आणि पैसे वाया तर जाणार नाहीत ना, असे तुम्ही विचारले आहे. मी चार वर्षे रांजणगावला, कोरियन मालकीच्या एका कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत होतो. तेथील कोरियन साहेब मंडळी आम्हाला अधूनमधून पुण्यात जेवायला नेत, त्यामुळे या जेवणाची तोंडओळख तेव्हाच झाली. नागपूरला परतल्यावर प्रतापनगरच्या बाजूला अशाच एका ठिकाणी सहकुटुंब पाच-सहा वेळा गेलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

तिखटाची काळजी करू नका, काळजी करायचीच तर गोडाची करा. सावजीच्या तर्रीवर वाढलेल्या माणसाला कोरियन जेवण तिखट लागत नाही, ते गोड लागते आणि तेथेच त्याचा विरस होतो. माझ्या वडिलांनी तॉकबोक्कीचा, म्हणजे लाल सॉसमधल्या तांदळाच्या कांड्यांचा, पहिला घास घेतला आणि गंभीरपणे विचारले, "यात गूळ कोणी घातला?" वाडग्यातला लालभडक रंग पाहून त्यांनी रुमाल आधीच हाताशी घेऊन ठेवला होता, त्याची गरज पडली नाही. या पदार्थांचा पाया गोचुजांग नावाची घट्ट चटणी असते. मिरचीची पूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची भुकटी, धान्याचा माल्ट आणि मीठ यांचे मिश्रण परंपरेने मातीच्या रांजणात महिनोन्‌महिने मुरवत ठेवतात, त्यातून तिला तिखट, गोडसर आणि आंबूस असा तिहेरी स्वाद येतो. बाजारातल्या डबाबंद गोचुजांगात वरून साखरेचा पाकही असतो आणि नागपुरातल्या रेस्टॉरंटांत बहुधा तीच वापरतात. तेथील मिरचीही रंगाला गडद आणि ठसक्याला सौम्य असते. गंमत म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोरियन द्वीपकल्पात मिरची नव्हतीच; आपल्याप्रमाणेच त्यांच्याकडेही ती पोर्तुगीजांच्या व्यापारातून पसरत गेली, आणि दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांनी तिचे अगदी वेगळे काहीतरी केले.

म्हणून वेटरला 'एकदम तिखट करा' असे मात्र सांगू नका. ही सूचना गेली की आतला आचारी गोचुजांग वाढवत नाही, लाल तिखट आणि हिरव्या मिरचीचे वाटण घालतो, आणि मग ताटात जे येते ते चायनीजच्या गाडीवरच्या शेजवानपेक्षा वेगळे राहत नाही. त्यासाठी एवढे पैसे मोजायची गरज नाही. वडिलांना आधीच सांगून ठेवा की हे तिखट मागून आणि हळूहळू चढते.

बसल्यावर सर्वांत आधी फक्त किमची मागवा आणि ती खाऊन झाल्यावरच बाकीची ऑर्डर द्या. स्वयंपाकघर कसे आहे हे त्या एका वाटीवरून कळते. खरी किमची म्हणजे मिठाने पाणी सोडलेल्या कोबीला मिरची, लसूण, आले यांचा लेप लावून आंबवलेली भाजी. तिचा आंबटपणा जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लाचा असतो. दाताखाली आधी पानाचा जाड देठ कुरकुरतो आणि आंबटपणा त्यानंतर आतून येतो. नकली किमचीत व्हिनेगर ओतलेले असते, म्हणून घास तोंडात जाण्याआधीच तो वास नाकात शिरतो आणि पान मात्र कच्चेच लागते. आमच्या ठिकाणी पहिल्या खेपेला स्टीलच्या लहान वाटीत आलेल्या किमचीच्या कडेला बारीक बुडबुडे दिसत होते. मुलीला वाटले, खराब झाली. मला मात्र तेथेच त्या आचाऱ्याविषयी विश्वास वाटला. आपल्याकडे मे महिन्यात ती फार लवकर आंबते, त्यामुळे उन्हाळ्यात जरा जास्त आंबट मिळाली तर तक्रार करू नका. कोरियात किमची आणि इतर तोंडी लावणी, ज्यांना बांचान म्हणतात, जेवणासोबत फुकट मिळतात आणि संपली की पुन्हा वाढतात. नागपुरात बहुतेक वेळा वाटीचे वेगळे पैसे लावतात. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पत्नीच्या बाबतीत मात्र दक्ष राहा, कारण येथेच आमची फसगत झाली होती. शहरातल्या दुसऱ्याच एका रेस्टॉरंटमध्ये वेटरने 'किमची प्युअर व्हेज आहे' असे छातीठोकपणे सांगितले, आमच्या सौ.नी अर्धी वाटी संपवली आणि नंतर व्यवस्थापकाकडून कळले की त्यात फिश सॉस होता. वेटरने खोटे सांगितले असे मला वाटत नाही. कोबीच्या भाजीत मासा असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसावे. पारंपरिक किमचीत माशाचा सॉस किंवा खारवलेली बारीक कोळंबी बहुधा असते. तॉकबोक्कीचा रस्सा सुक्या मासळीच्या पाण्यात करतात, किमबापमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भातात, अंडे किंवा हॅम असते, आणि 'व्हेज' लिहिलेल्या बिबिमबापवर, म्हणजे भाज्या रचलेल्या भातावर, सवयीने तळलेले अंडे येऊन बसते. तेव्हा 'व्हेज आहे का' असे न विचारता, किमचीत फिश सॉस आहे का, रश्श्याला पाणी कशाचे वापरता, अंडे कोठे कोठे आहे, असे थेट विचारा आणि निरोप स्वयंपाकघरापर्यंत गेला आहे याची खात्री करून घ्या. उत्तर समाधानकारक मिळाले तर त्यांच्यासाठी अंड्याविना आणि टोफू घातलेला बिबिमबाप मागवा, तोही तापलेल्या दगडी वाडग्यातला. भातावर भाज्या वेगवेगळ्या रचून येतात, त्या चमच्याने तळापासून कालवायच्या. पण कालवण्याआधी दोन मिनिटे थांबायचे, म्हणजे तळाला खरपूस खरपुडी धरते. आपल्याकडे भातुकलीच्या वयापासून या खरपुडीवरून भांडणे होतात, त्यामुळे तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. रताळ्याच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवयांचा जापचे हा पदार्थही चांगला, तिळाच्या तेलाचा वास असलेला आणि अजिबात तिखट नसलेला. तोही बिनमांसाचा करून मागावा लागतो.

आता फ्यूजनविषयी. या शब्दाला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही, कारण कोरियन जेवणाने स्वतःच अशा सरमिसळी पचवल्या आहेत. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर अमेरिकी लष्करी तळांवरून बाहेर येणारे डबाबंद हॅम आणि सॉसेज किमचीच्या रश्श्यात शिजवून बुदे-जिगे हा पदार्थ जन्मला आणि आज तो तेथे आवडीने खाल्ला जातो. लॉस एंजेलिसमध्ये २००८ साली रॉय चोई यांच्या कोगी या गाडीने कोरियन पद्धतीचे मांस मेक्सिकन टाकोत भरून विकायला सुरुवात केली आणि तिथे लोकांच्या रांगा लागल्या. मात्र सरमिसळीला काही कारण असावे लागते. किमची आणि चीज यांचे जमते, कारण आंबटपणा स्निग्धपणाला कापतो. म्हणून किमची-चीज पराठा बिनदिक्कत मागवा. आमच्या ठिकाणी 'गोचुजांग तर्री पोहे' नावाचाही एक पदार्थ आहे. नागपूरकर म्हणून कुतूहलाने मागवला आणि पस्तावलो, कारण पोहे तो गोडसर सॉस शोषून घेतात आणि चण्याच्या पातळ तर्रीने जो मोकळेपणा राहतो तो जाऊन त्यांचा गिच्च लगदा होतो. त्याउलट संत्र्याच्या रसातले चिकन झकास होते. अर्थात ते अंबिया बहराची संत्री बाजारात असताना खाल्ले होते. एरवी बाटलीतला रस वापरतात आणि त्याची चव खोकल्याच्या औषधाकडे झुकते.

वडिलांसाठी आणि मेहुण्यासाठी तळलेले चिकन मागवणे सर्वांत सुरक्षित. कोरियन पद्धतीत ते दोनदा तळतात. पहिल्या तळणीत मांस शिजते आणि कातडीतले पाणी निघून जाते, मध्ये थोडे थांबून दुसऱ्या, जास्त तापलेल्या तेलात कवच काचेसारखे कडक होते, आणि त्यामुळे सॉस लावल्यावरही ते लवकर मऊ पडत नाही. अर्धे साधे आणि अर्धे सॉसमध्ये घोळलेले, असे मागता येते. वडिलांना साधे द्या. कोरियात या चिकनबरोबर बिअर पिण्याला चीमेक असे जोडनावच आहे, आणि दारूबरोबर खायच्या पदार्थांना ते आन्जू म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा साहेबांना 'चकणा' शिकवला होता, तो त्यांनी शेवटपर्यंत लक्षात ठेवला.

सोजूच्या बाबतीत मेहुण्याची निराशा होणार आहे. हिरव्या बाटलीतल्या साध्या सोजूत १६ ते १७ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे व्हिस्कीपेक्षा पुष्कळ कमी; पण ती मोडते स्पिरिटमध्ये, आणि महाराष्ट्रात त्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. सौम्य बिअर आणि वाइनला २१ वर्षे चालतात, तेव्हा त्याला बिअरवर समाधान मानावे लागेल. तुम्ही घेणार असाल तर हे लक्षात ठेवा की ३६० मिलिलिटरची बाटली कोरियात अगदी स्वस्त असते, येथे आयात केलेल्या बाटलीचे मात्र आमच्याकडून दीड हजाराच्या आसपास घेतले. यादीतल्या 'सोजू कॉकटेल'मध्ये कित्येकदा वोडकाच असते, म्हणून बाटली टेबलाशी आणून उघडायला सांगा. वडिलांच्या पेल्यात ओतताना दोन्ही हातांनी ओतायची आणि स्वतः पिताना त्यांच्यापासून किंचित तोंड वळवायचे, हा तिकडचा रिवाज आहे. आपल्याकडे बापासमोर पिण्याचाच संकोच असतो, तो यामुळे थोडा हलका होतो असा माझा अनुभव आहे.

शक्य असेल तर शनिवार टाळून मधल्या वारी साडेसातला जा. शनिवारी नऊनंतर गाण्यांचा आवाज इतका वाढतो की वडिलांना शेजारच्याचेही बोलणे ऐकू येणार नाही. जेवायच्या सळ्या, म्हणजे चॉपस्टिक्स, धातूच्या, चपट्या आणि निसरड्या असतात, पण त्यांचे दडपण घेऊ नका. खुद्द कोरियन माणूसही भात चमच्यानेच खातो. बिलात खाण्यावर ५ टक्के जीएसटी लागेल आणि दारूचा कर वेगळा असेल, मात्र सेवा शुल्क आपोआप जोडलेले दिसले तर ते काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच त्याला मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम ठेवली. सांगितल्यावर आमचे काढले, कोणी कुरकुर केली नाही.

राहता राहिली तॉकबोक्की, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चिवट, लवचिक कांड्या. ती चौघांत एकच मागवा, कारण पोट झटकन भरते. कांड्या संपल्या तरी तव्यात लाल सॉस उरतो, तो परत पाठवू नका. त्यात साधा भात, तीळ आणि थोडे चीज घालून परतून द्यायला सांगा. कोरियात जेवणाचा शेवट असाच करतात, आपण उरलेल्या रश्श्यात भात कालवतो तसा. आमच्याकडे हा प्रकार यादीत नव्हता, पण विनंती केल्यावर आचाऱ्याने हसत करून दिला आणि बिलात फक्त एका साध्या भाताचे पैसे लावले. गुळाची शंका काढणाऱ्या वडिलांनी त्या दिवशी तव्याला चिकटलेला शेवटचा थर चमच्याने खरवडून घेतला.