इर्मा ॲडेलमनपासून सुरुवात करा

अर्थव्यवस्थेचं मॉडेलिंग, म्हणजे ती समीकरणांत मांडणं, शिकायला कुठून सुरुवात करावी, असं विचारलंत म्हणून सांगते. इर्मा आणि फ्रँक ॲडेलमन यांचा १९५९चा ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकातला लेख आधी वाचा. इर्मा अर्थशास्त्रज्ञ, १९३०ची, जन्म रुमानियातला, डॉक्टरेट बर्कलीची. फ्रँक, तिचे पती, भौतिकशास्त्रज्ञ.

दोघांनी अमेरिकी अर्थव्यवस्थेचं क्लाइन-गोल्डबर्गर मॉडेल आयबीएम ६५० संगणकावर चढवलं आणि शंभर वर्षं पुढे चालवलं. धक्का, म्हणजे बाहेरून अचानक केलेला बदल, न देता सोडलं, तर आलेख सरळ वर जात राहिला. तेजी-मंदीचा मागमूस नाही. सरकारी खर्चात एकदाच मोठी कपात केली, तरी ते लवकर सावरलं. मग समीकरणांतच यादृच्छिक धक्के घातले आणि तेजी-मंदीच्या खऱ्या व्यापारचक्रांसारखे चढउतार दिसू लागले! मला आजही हे विलक्षण वाटतं.

तुम्हीही हाच क्रम ठेवा. चार-पाच समीकरणांचं छोटं मॉडेल एक्सेलमध्ये मांडा. आधी धक्क्याविना, मग एकच धक्का देऊन, शेवटी प्रत्येक समीकरणाला धक्के देऊन चालवा. सगळं एकदम घातलंत तर चक्र कशामुळे आलं, ते कळणारच नाही. गुणांक जुळवण्यात मात्र आत्ताच अडकू नका.

पुढे अर्थशास्त्रज्ञ शर्मन रॉबिन्सनबरोबर इर्माने दक्षिण कोरियाचं मॉडेल केलं, १९७८चं. धोरण बदललं की उत्पन्नवाटपाचं काय होतं, गरिबांच्या हाती काय पडतं, हा त्यातला प्रश्न. ते दुसऱ्या टप्प्यात घ्या. आधी छोटं मॉडेल चालू द्या.