जिन्यावरचं संगीत आणि अडीच तासांची सवड

प्रश्न : मे महिन्यात आमची सहल स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला आहे. खरेदीसाठी अडीच तास मोकळे मिळतात. तेवढ्यात सरोवराकाठचं जर्मन संगीतकार वाग्नरचं घर बघून होईल का? पाश्चात्त्य संगीत फारसं कळत नाही, तरी जावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होईल, पण आधी वार बघा. ट्रिब्शेन भागातल्या त्या घराचं आता संग्रहालय झालंय; ते सोमवारी बंद असतं आणि दार सकाळी अकराला उघडतं. तुमची सवड नऊ ते साडेअकरा असेल तर नाद सोडा, घड्याळंच घ्या.

ल्युसर्न स्टेशनसमोरून ६, ७ किंवा ८ नंबरची बस धरून ‘वार्टेग’ थांब्यावर उतरायचं. तिकीट चढण्याआधीच यंत्रातून काढा. कंडक्टर येईल या भरवशावर राहू नका. तिथून सरोवराच्या दिशेने दहाएक मिनिटं चालल्यावर टेकाडावर घर दिसतं. पाऊस नसेल तर जाताना स्टेशनपासून काठाकाठाने पायीच जा, अर्धा तास पुरतो. परतताना मात्र बसच घ्या. ग्रुपची कोच चुकते ती बहुधा येताना.

वाग्नर इथे १८६६ ते १८७२ राहिला. भाडं भरत होता बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा. खाली वाग्नरचा एरार कंपनीचा पियानो आहे, पण घाईत लोक तो बघून निघतात आणि जिना राहून जातो. २५ डिसेंबर १८७०च्या सकाळी वादकांना याच जिन्यावर उभं करून त्याने पत्नी कोझिमाला वाढदिवसाची भेट म्हणून नवी रचना ऐकवली. ती अजून अंथरुणात होती. मुलांनी त्या रचनेला ‘जिन्याचं संगीत’ असं नाव ठेवलं. जग तिला ‘सीगफ्रीड इडिल’ म्हणतं. पायऱ्यांची रुंदी बघा, म्हणजे वादक तेराच का, हे न सांगता कळेल.

शास्त्र कळायची गरज नाही. निघण्याआधी हीच रचना दोनदा ऐका, वीसेक मिनिटांची आहे. मात्र मोठ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण नको, तेरा वादकांचंच शोधा. मोठ्यात ती दिवाणखान्याची राहत नाही, सभागृहाची होते. ट्रम्पेटकडे कान ठेवा. बराच वेळ तो गप्प असतो, उत्तरार्धात जेमतेम तेरा मात्रागट वाजतो आणि पुन्हा गप्प होतो. तेवढ्यासाठी वाग्नरचा सहकारी, वाद्यवृंद-संचालक हान्स रिश्टर ते वाद्य शिकला होता.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. ज्यूंच्या संगीताविरुद्ध टोपणनावाने लिहिलेला जुना विखारी लेख वाग्नरने १८६९ मध्ये वाढवून, स्वतःच्या नावाने पुन्हा छापला, तोही याच घरात राहत असताना.

आत पाऊण तास धरा. वेळ उरलाच तर बागेत, पाण्याकडे तोंड करून बसा.