मुख्याध्यापक म्हणून शाळेत नवं काही सुरू करायचं तर सुरुवात कुठून करावी?

सर, तुम्ही लिहिलंय की पाच शिक्षकांच्या जिल्हा परिषद शाळेत नुकतेच मुख्याध्यापक झालात, काही वेगळं करायची इच्छा आहे, पण सहकारी म्हणतात, 'नवोपक्रम म्हणजे आणखी एक रजिस्टर.'

मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारी, म्हणून निवृत्त झाले. तुमच्या सहकाऱ्यांचा वैताग खरा आहे, तो आधी मान्य करा.

साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे अशा काही केंद्रांचा मिळून भाग) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं असे, वर्ग उभे केले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक जात. मीही गेले. २२ जून २०१५ ला प्रत्येक मूल शिकावं यासाठीच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि आमच्या केंद्रात आम्ही काय केलं, तर लोकवर्गणीतून फरश्या ऑइलपेंटने रंगवल्या. मुलं त्या चित्रांवर बसून पूर्वीसारखंच फळ्यावरचं उतरवत राहिली. कुमठ्याची मुलं गटात बसून, वस्तू हाताळत, एकमेकांना विचारत शिकत होती. नेमकं तेच आम्ही आणलं नाही. चूक माझी, मी शाळाभेटीत भिंती बघत होते.

म्हणून सांगते, अडलेल्या मुलापासून सुरू करा. आमच्या एका शाळेत दुसरीची बरीच मुलं 'पंचवीस' ऐकून ५२ लिहायची. बाई चिडायच्या. मुख्याध्यापकांनी एका शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांना बसवून फक्त त्या वह्या पाहिल्या. मराठीत आपण पाच आधी बोलतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. पोरं ऐकलं तसंच लिहीत होती! 'एकोणतीस'मध्ये तर एक आणि तीस ऐकू येतं, लिहायचे असतात दोन आणि नऊ.

सोमवारी सरांनी स्वतः दुसरीचा तास घेतला. आगपेटीच्या काड्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले. दोन गठ्ठे, पाच सुट्या : 'वीस पाच, पंचवीस.' बाई मागे बसून बघत होत्या. दोन दिवसांनी तास बाईंचा आणि सर मागे. सर बघत होते ते मुलांचे हात; बाईंच्या टाचणवहीवर (पाठाच्या तयारीच्या वहीवर) शेरा मारला नाही. बाकीचे शिक्षक आपणहून त्या वर्गात डोकवायला लागले ते यामुळे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' ही वाचनपद्धत जुन्या नावांच्या जोडीला आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं. त्या शाळेतही पालक तक्रार घेऊन आले होते. बाईंनी त्यांच्यासमोर काड्यांचे गठ्ठे ठेवले आणि मुलांनाच समजावून सांगायला लावलं.

तेव्हा या आठवड्यात काहीच जाहीर करू नका. पहिली-दुसरीच्या वह्या घरी न्या, कोण कुठे अडलंय ते नावानिशी लिहून काढा आणि वेळापत्रकात एक तास स्वतःच्या नावावर लावा. वरून अहवाल मागितला तर तो तुम्ही लिहा, शिक्षकांना लिहायला लावू नका.