किटमधून उगवलेली बोन्सायची रोपं घरात माना टाकताहेत, काय करू?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: पुण्यातला फ्लॅट, जूनमध्ये ऑनलाइन मागवलेलं किट, त्यात चिंच, गुलमोहोर, नीलमोहोर आणि पाइन. रोपं दक्षिणेच्या खिडकीपासून जरा आत टेबलावर, रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. पाइन उगवलंच नाही, गुलमोहोर वीतभर वाढून लवंडला, दोन रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली, आणि चिंच रोज संध्याकाळी मलूल होते. माझं मत विचाराल तर उजेड फार कमी पडतोय आणि पाणी फार जास्त होतंय. खत, टॉनिक, औषध यातलं काहीही आज आणू नका.

आधी जे दुखणं नाहीच ते बाजूला काढू. चिंचेची खालची दोन जाड पानं सुरकुतून गळाली, याची तुम्हाला काळजी वाटतेय. ती चिंचोक्याचीच दोन दलं. बी रुजलं की ती मातीच्या वर येतात, हिरवट होतात, रोपाला पहिले काही दिवस पोसतात आणि रिकामी झाली की गळतात. तसंच संध्याकाळचं. चिंच अंधार पडायला लागला की पानं मिटून घेते, मोठं झाडसुद्धा घेतं. सकाळी सातला बघा. पानं उघडलेली असतील तर रोप ठणठणीत आहे. मिटलेली पानं बघून तुम्ही जो संध्याकाळचा फवारा मारता, तोच नडतोय. भर दिवसा, चांगल्या उजेडातही पानं मिटलेलीच राहिली, तर मात्र मुळांकडे बघायचं.

आडव्या झालेल्या रोपांचं खोड मातीला टेकतं तिथे नीट बघा. वरचा भाग हिरवा, पण तेवढ्याच जागी चिमटीत दाबल्यासारखं बारीक आणि तपकिरी झालेलं असेल. मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेत याला रोपांची मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशा हे करतात. सतत ओली माती आणि कोंदट हवा मिळाली की त्या फोफावतात. आडवं झालेलं रोप वाचत नाही. ते आजूबाजूच्या कोकोपीटसकट (किटमधला नारळाच्या काथ्याचा भुसा) काढून टाका आणि ते कोकोपीट दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कृषी सेवा केंद्रात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची पावडर मिळते. ती उभ्या रोपांच्या मातीत मिसळली तर पुढची लागण रोखायला मदत होते. पण फवारा चालूच राहिला तर तिचाही उपयोग नाही.

कोकोपीट फसवं असतं. वरचा थर वाळून फिका दिसतो आणि बोटभर खाली पिळून पाणी निघेल इतकं ओलं असतं. टूथपिक तळापर्यंत खुपसा, दोन मिनिटांनी काढा. ओली, मळकट निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी निघाली तर कुंडी पाण्याच्या बशीत पंधरा मिनिटं ठेवा, उचला, निथळू द्या आणि बशी रिकामी करा. चार दिवस असं केलंत की कुंडी नुसती उचलून वजनावरून कळायला लागतं. आसपास बारीक काळी चिलटं उडत असतील तर तीही या ओलीचीच. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. माती वरून वाळू दिली की कमी होतात, वर एखादा पिवळा चिकट सापळा लावा.

आता उजेड, कारण खरा घोटाळा तिथे आहे. दक्षिणेची खिडकी उत्तम असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण ते थंड प्रदेशातल्या लोकांनी लिहिलेलं असतं. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आठवतंय? त्यानंतर जुलै संपेपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे जून-जुलैत दुपारचं ऊन तुमच्या त्या खिडकीत शिरतच नाही, वर छज्जा आणि पावसाळी ढग. डोळ्यांना खोली उजळ वाटते. डोळे सरावतात, रोप सरावत नाही. फोनवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं एखादं ॲप घ्या, अगदी अचूक नसलं तरी अंदाज येतो. उघड्यावर कडक उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो; खिडकीपासून चार-पाच फूट आत तो काही शेंवर येतो. गुलमोहोर उंच झाला तो वाढला म्हणून नव्हे, उजेड शोधत ताणला गेला म्हणून.

खिडकीला बाहेरून ग्रिल आहे का? असेल तर रोपं तिथे. कुंड्या तारेने बांधा, खालून माणसं जातात. एकदम उन्हात ठेवू नका, पानं पांढरी पडून करपतील. आधी सकाळचा तासभर, मग आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. जोराच्या सरी असतील तेव्हा आत घ्या. ग्रिल नसेल तर सोसायटीच्या गच्चीची परवानगी काढा, आणि तेही जमत नसेल तर साधी पांढरी वीस वॉटची एलईडी ट्यूब शेंड्यापासून वीतभर वर टांगा. रोज बारा ते चौदा तास, टायमर लावून. महिन्याला सात-आठ युनिटं जातील. जांभळे महागडे दिवे लागत नाहीत. टेबलफॅन कमी वेगावर थोडा लांबून सोडलात तर मातीचा वरचा थर वाळतो आणि हलत्या खोडाला जाडीही येते. एसीचा झोत मात्र थेट नको. तिथल्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो, पानांवर बारीक फिके ठिपके दिसतात.

लवंडलेल्या गुलमोहोराला उदबत्तीच्या काडीचा आधार द्या, सैल दोऱ्याने. ताणलेलं खोड परत आखूड होणार नाही. चांगल्या उजेडात पाच-सहा सशक्त पानं आली की शेंडा खुडा, खालून फांद्या फुटतील.

एक आठवडा रोपं सावरू द्या आणि मग बोन्सायचा पसरट ट्रे विसरून त्यांना सहा इंची साध्या कुंडीत हलवा. एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, दोन भाग मुगाच्या दाण्याएवढा विटांचा चुरा, धूळ चाळून काढलेला. मुळांभोवतीचा गोळा फोडू नका. चिंचेचं सोटमूळ छाटायचं ते पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर. नवीन पालवी दिसल्यावर पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम. त्याहून जास्त नको.

आणि एक जरा कडू सांगतो. किटवर फोटो कितीही सुंदर असले तरी गुलमोहोर आणि नीलमोहोर बोन्सायसाठी अवघडच. गुलमोहोराचं एकेक पान दीड फुटापर्यंत जातं, ते कितीही छाटलं तरी कुंडीच्या मानाने बेढब दिसतं. थंड प्रदेशातल्या पाइनच्या बऱ्याच जातींच्या बियांना रुजण्याआधी काही आठवडे ओलसर थंडी लागते, आणि उगवलं तरी पुण्याच्या उन्हाळ्यात ते हाल काढील. पाइन सोडून द्या. चिंचेवर मात्र जीव लावा. बारीक पानं, लवकर खडबडीत होणारी साल, आणि छाटणी सोसायची ताकद, सगळं तिच्यात आहे. घरातच ठेवायचं एखादं झाड हवंच असेल तर नर्सरीतून नांदरुकाचं तयार रोप आणा. वडाच्या कुळातली ही मंडळी कमी उजेडात बाकीच्यांपेक्षा बरीच तग धरतात, आणि बियांपासून सुरू करण्यातली चार-पाच वर्षं वाचतात.

खोडाला वळण द्यायची तार कधी बांधू असं तुम्ही शेवटी विचारलंय. खोड निदान पेन्सिलीएवढं जाड होईपर्यंत तारेला हात लावू नका. या रोपांना तिथवर जायला, सगळं नीट झालं तर, दोनेक वर्षं लागतील. तोवर फक्त शेंडे खुडत राहा.