स्विमिंग पूलच्या तळाशी रोज वाळू साचते. सँड फिल्टरची टाकी बदलावीच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या पूलमध्ये पाणी परत येतं त्या तोंडाखाली रोज सकाळी वाळूचा छोटा ढीग दिसतो आणि कंत्राटदार अख्खी टाकी बदलायला सांगतोय. टाकीला तडा नसेल तर बदलू नका. मी बरीच वर्षं कर्जत-नेरळकडच्या फार्महाऊसचे पूल सांभाळतो. अशा तक्रारीत बहुतेक वेळा आतला एखादा लॅटरल, म्हणजे टाकीच्या तळाची बारीक चिरांची नळी, तुटलेला निघतो.

आधी ती वाळू चिमटीत घेऊन चोळा. बारीक रव्यासारखी खरखरीत लागली तर ती फिल्टरचीच. पिठासारखी पसरली तर मेलेलं शेवाळ किंवा धूळ समजा, त्याचा इलाज वेगळा. आणि बॅकवॉशनंतर (पाणी उलटं सोडून वाळू धुतल्यावर) पहिली काही मिनिटंच वाळू येत असेल तर रिन्स न करता, म्हणजे उरलेली घाण बाहेर न सोडता, हँडल थेट फिल्टरवर टाकलं जातंय का, ते पंप चालवणाऱ्या माणसाला विचारा.

रोज येत असेल तर टाकी उघडा. पाणी वरून वाळूत शिरतं, खाली उतरतं आणि तळाच्या लॅटरलमधून मधल्या उभ्या पाइपाने बाहेर पडतं. एक तुटला तरी वाळूला वाट मिळते.

पंप बंद, मेन स्विच बंद, पूलकडचे व्हॉल्व्ह बंद, गेजचा काटा शून्यावर, मग खालचा ड्रेन प्लग उघडून पाणी काढा. यात घाई अजिबात नको. टाकीत दाब असताना तिच्या तोंडावरच्या हँडलवाल्या व्हॉल्व्हचा क्लॅम्प सोडला तर तो व्हॉल्व्ह उडून अंगावर येतो. पाणी गेलं की तो व्हॉल्व्ह काढा आणि मगाने वाळू उपसा. तळाची शेवटची वीतभर हातानेच काढा आणि मधला पाइप हलवू नका, नाहीतर चांगले लॅटरलही मोडतील.

गेल्या वर्षी एका चोवीस इंची टाकीत मला आठही लॅटरल धड दिसत होते. एकेक काढून हलकेच वाकवून पाहिला तेव्हा आठव्याच्या आट्याशी केसाएवढी चीर उघडली, सरळ धरला की पुन्हा मिटायची. आधी कुणीतरी रिकाम्या टाकीत वरून पोती ओतली होती, त्या मारानेच ती पडली असणार. लॅटरल नुसते बघून सोडू नका, वाकवून बघा.

भरताना टाकीत आधी अर्ध्यापर्यंत पाणी घ्या. उभ्या पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी टेपने घट्ट बांधा आणि वाळू हळूहळू सोडा. माझ्या त्या टाकीला पन्नास किलोची तीन पोती लागली. तुमचा आकडा टाकीवरच्या पट्टीवर असतो. वाळू फिल्टरचीच हवी, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्याची सिलिका. नदीची वाळू स्वस्त पडते म्हणून कुणी सुचवेल, पण तिच्यात माती असते आणि दाणे एकसारखे नसतात. जुनी वाळू मोकळी असेल तर धुऊन परत घाला. बोअरच्या जड पाण्याने तिचे दगडासारखे गोळे झाले असतील तर टाकून द्या. आणि कोरडी वाळू ओतताना चांगला मास्क लावाच. ती धूळ फुप्फुसात बसते, मी हे काम करणाऱ्या पोरांना मास्कशिवाय पोत्याला हात लावू देत नाही.

व्हॉल्व्ह परत बसवताना त्याच्या ओ-रिंगला (रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको, तिने रबर फुगतं. व्हॉल्व्हवरच्या छोट्या काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत बॅकवॉश, मग मिनिटभर रिन्स, मग फिल्टर. दर वेळी पंप बंद करूनच हँडल फिरवा. चालू पंपावर फिरवलं की व्हॉल्व्हमधलं चाकासारखं गॅस्केट जागेवरून उचकटतं आणि वेस्टच्या (घाण पाणी बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून पाणी सारखं गळत राहतं.

सगळं बसलं की गेजवरचा दाबाचा आकडा मार्करने टाकीवरच लिहा. त्यापेक्षा आठ-दहा पीएसआय वर गेला की बॅकवॉश.

एवढं करूनही वाळू आली तर उभा पाइप खाली हबपाशी (लॅटरल जिथे जोडलेले असतात तिथे) तडकलाय का पाहा, आणि पंप फिल्टरच्या मानाने मोठा नाही ना, तेही तपासा. लॅटरल आणायला जाताना जुना सोबत न्या. लांबी सारखी दिसली तरी आटे वेगळे निघतात.